पानाबाहेरचं नाव

माझा स्वभाव तापट आहे हे मी आधीच कबूल करतो, म्हणजे नंतर कोणी सांगायला नको. पण या एका बाबतीत मी एकोणीस वर्षं तापलो नाही. मान खाली घालून राहिलो. चूक माझीच आहे असं सगळे म्हणत होते, आणि हळूहळू मीही त्या सगळ्यांत जाऊन बसलो.

मी गजेंद्र. धामणगाव बढ्याला राहतो. शाळेत क्लार्क होतो, या जूनमध्ये रिटायर झालो. २००३ साली मी घरी कॉम्प्युटर घेतला तेव्हा गावात तो बघायला माणसं येत. शाळा सुटली की मी लग्नपत्रिका टाइप करायचो आणि छपाई मलकापूरच्या एका प्रेसमध्ये व्हायची. माझ्या मशीनची हार्डडिस्क लहान होती, तीही सारखी बसायची, म्हणून मी एक शिस्त ठेवली होती. ज्याचं लग्न त्याने आपली फ्लॉपी आणायची. मी काम सरळ त्या फ्लॉपीवर करायचो आणि फ्लॉपी त्याच्याच हातात द्यायचो. तो ती मलकापूरला घेऊन जायचा. माझ्याकडे काहीच राहत नसे. तेव्हा मला ही मोठी हुशारीची पद्धत वाटायची.

लग्नपत्रिकेत खरं काय महत्त्वाचं असतं ते ज्याने ती केली त्यालाच माहीत. नवरीच्या नावातली वेलांटी चुकली तर लोक हसून सोडून देतात. पण खालच्या यादीत चुलत्याचं नाव राहिलं, किंवा धाकटा मोठ्याच्या वर चढला, तर दोन पिढ्या बोलणं बंद. म्हणून तळाशी ‘नजरचुकीने कोणाचे नाव राहिल्यास क्षमस्व’ अशी ओळ टाकतात. त्या ओळीने आजवर एकाचाही राग गेलेला मी पाहिला नाही.

२००६ च्या उन्हाळ्यात माझ्या मोठ्या भावाच्या, उत्तमरावदादाच्या मुलीचं लग्न होतं. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आमचे वडील लवकर गेले, मला त्यानेच शिकवलं, नोकरीला त्यानेच लावलं. आमची घरं भिंतीला भिंत लावून. त्याने नावांची यादी लिहून दिली, मी दोन दिवस बसून पत्रिका केली, आणि तो फ्लॉपी घेऊन प्रेसमध्ये गेला. आठ दिवसांनी छापून आलेल्या पत्रिका वाटल्या गेल्या. त्यात आमच्या गीताताईच्या नवऱ्याचं, म्हणजे अर्जुनरावदाजींचं नाव नव्हतं.

घरचा जावई. नवरीच्या सख्ख्या आत्याचा नवरा. छेचाळीस नावं होती, ट्रॅक्टरवाल्याचंसुद्धा होतं, आणि घरच्या जावयाचं नव्हतं. दाजींनी म्हणे वडनेर भोलजीला आपल्या ओसरीवर, चार भाऊबंदांसमोर पत्रिका उघडली, यादीवरून दोनदा बोट फिरवलं, आणि पत्रिका मिटून ठेवली. लग्नाला त्या घरून कोणी आलं नाही.

‘मी नाव टाकलं होतं,’ मी दादाला म्हटलं.

‘मंग गेलं कुठं? प्रेसवाल्यानं खाल्लं?’ दादा म्हणाला. ‘थकला असशीन. छेचाळीस नावं होते. होते चूक.’

फ्लॉपी बघू म्हटलं तर दादा म्हणाला की ती प्रेसमध्येच कुठेतरी हरवली. गावात मग चेष्टा सुरू झाली. मी दिसलो की म्हणायचे, ‘आमचं नाव खाऊ नको बे गजू.’ पत्रिकेचं काम येणं बंद झालं. दहा जण एकच गोष्ट सांगायला लागले की माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा उडतो, तसा माझा उडाला. तिसरी ओळ मी टाइप केली होती हे मला डोळ्यांसमोर दिसायचं, आणि तरी मी स्वतःला म्हणायचो की तुला भास होतो आहे.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी दादाने मला वडनेरला पाठवलं. ‘जाऊन पाया पड, विषय मिटव,’ म्हणाला. मी गेलो. ओसरीवर लोक बसले होते. एकोणचाळीस वर्षांचा, नोकरीवाला माणूस मी, सगळ्यांच्या देखत दाजींच्या पायावर डोकं ठेवायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. ताई दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने सगळ्यांना चहा दिला. मला पाण्याचंही विचारलं नाही.

तेव्हापासून ताई दिवाळीला दादाकडे येते. दाजींनी दादावरचा राग वर्षभरात सोडला, माझ्यावरचा सोडला नाही. भाऊबीजेला भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा, ओवाळताना ती दादाला काय म्हणते तेसुद्धा ऐकू यायचं. माझी बायको पुष्पांजली दरवर्षी ताट तयार ठेवायची आणि दरवर्षी ते तसंच उचलून ठेवायची. मला ताई हवी होती. बाकी काही नको होतं मला, चेष्टा काय, आयुष्यभर सोसली असती. तीन वर्षांपूर्वी दाजी वारले. तेरवीला मी मागे बसलो होतो. ताईचा मुलगा गोविंदा मोठ्याने म्हणाला, ‘यायले कोणं बोलावलं?’ मी जेवलो नाही, उठून आलो.

आता त्या गोविंदाचं लग्न निघालं. मागच्या महिन्यात पत्रिका आली, दादाच्या घरी. आमच्याकडे आली नाही. दादाने ती मला दाखवायला आणली, आणि मी पहिल्यांदा पाहिलं ते ‘मामा’. मामा म्हणून एकच नाव होतं, श्री. उत्तमराव. मी पत्रिका त्याला परत दिली. मुलाने बापाचा हिशेब चुकता केला असं मला वाटलं, आणि त्यात त्याचं चुकलं असंही वाटेना. फक्त छातीत दुखलं. डॉक्टरकडे जाण्यासारखं नाही, तसं दुखलं.

त्याच आठवड्यात दादाच्या घराला रंग लावायला घेतला, कारण मामाच्या घरी पाहुणे येणार. वहिनींनी कपाटं रिकामी केली आणि एक पिशवी माझ्याकडे पाठवली. ‘कम्प्युटरचं काहीतरी हाय, तुमचंच असन,’ असा निरोप. पिशवीत जुना माउस होता, दोन वायरी होत्या, आणि प्लास्टिकच्या डबीत एक फ्लॉपी होती. फ्लॉपीवर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘उत्तमराव – लग्न – एप्रिल ०६’.

प्रेसमध्ये हरवलेली फ्लॉपी दादाच्या कपाटात कशी? मला तेव्हा एवढंच वाटलं की सापडली असेल नंतर, सांगायचं राहून गेलं असेल. खरं सांगतो, दादाबद्दल वाईट विचार करायची मला सवयच नव्हती. माझ्या डोक्यात दुसरंच होतं. आत माझी चूक आहे की नाही ते मला बघायचं होतं. मरायच्या आधी एकदा बघायचं होतं.

माझा कॉम्प्युटर तोच आहे, २००३ चा. पूनम, माझी मुलगी, पुण्याला नोकरीला असते. ती मला दर दिवाळीला नवीन लॅपटॉप घ्या म्हणते. पण आमच्या त्या वेळच्या मराठी फॉन्टची फाईल नव्या मशीनवर उघडली की मराठीऐवजी नुसत्या किड्यामुंग्या दिसतात. तो फॉन्ट आणि मी ज्यात पत्रिका मांडायचो ते पेजमेकर फक्त या जुन्या डब्यात जिवंत आहे. अडचण एकच होती, डब्याचा स्वतःचा फ्लॉपी ड्राइव्ह दहा वर्षांपूर्वी गेला. त्यात घातलेली फ्लॉपी चिमट्याने ओढून काढावी लागते आणि येताना तिच्यावर ओरखडे घेऊन येते. या फ्लॉपीला मी त्याच्या तोंडी देणार नव्हतो.

पूनमला फोन केला. ती म्हणाली, ‘बाबा, बाहेरून लावायचा ड्राइव्ह मिळतो, यूएसबीचा. मागवते. पण काय आहे त्यात एवढं?’

‘हाय एक पत्रिका,’ मी म्हटलं.

नऊ दिवसांनी खोकं आलं. तळहाताहून थोडा मोठा काळा ड्राइव्ह, त्याला हातभर वायर. दुपारी जेवण झाल्यावर मी बसलो. पुष्पांजली तूर निवडत शेजारी बसली, कारण तिलाही बघायचं होतं, फक्त तसं ती म्हणणार नाही.

कॉम्प्युटरच्या पुढच्या भोकात वायर घातली. ड्राइव्हचा हिरवा दिवा एकदा लागला आणि विझला. स्क्रीनवर आलं की हे काय लावलंय ते मला ओळखता येत नाही. काढून परत घातली, तेच. मी दोन शिव्या दिल्या. मग आठवलं की पुढच्या पोर्टाला धड करंट मिळत नाही, त्याच्यावर साधा पेनड्राइव्हसुद्धा धापा टाकतो. टेबल ओढलं, मागे हात घातला, जाळ्या निघाल्या, एक मेलेली पाल निघाली. मागच्या पोर्टात वायर बसवली तेव्हा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. खाली कोपऱ्यात नवीन हार्डवेअर सापडल्याचा निरोप आला.

मी ‘ए’ ड्राइव्ह उघडला. डिस्क टाका म्हणाला. डिस्क तर टाकलेली! परत उघडला, परत तेच. चार वेळा झालं. माझा पारा चढायला लागला.

‘हे खाली बी काय आलं नवीन?’ पुष्पांजली म्हणाली.

बरोबर होती ती. ‘ए’ हे अक्षर तो मेलेला आतला ड्राइव्ह धरून बसला होता. नव्याला ‘बी’ मिळालं होतं. इतकी वर्षं मशीन वापरूनही माझ्या ते लक्षात आलं नाही आणि तूर निवडणाऱ्या बाईच्या आलं. ‘बी’ उघडला तर आतून कर्र कर्र आवाज झाला, आणि स्क्रीन म्हणाली की या डिस्कवर काही नाही, ती फॉरमॅट करायची का? पुष्पांजलीने पुढे होऊन माउस धरला.

‘हो म्हणू काय?’

‘हात काढ!’ मी इतक्या जोरात ओरडलो की तिच्या मांडीवरचं सूप उलटलं. फॉरमॅट म्हणजे सगळं कोरं. ती तूर वेचून घेऊन आत गेली. मी ‘नाही’ दाबलं, फ्लॉपी काढली आणि आधी तिची खिटी सरकवली, म्हणजे तिच्यावर आता कोणालाही काही लिहिता किंवा पुसता येणार नाही. हे मी सुरुवातीलाच करायला पाहिजे होतं. शेकडो फ्लॉप्या हाताळलेला माणूस मी, आणि घाईत विसरलो.

फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवून उन्हात धरली. आतल्या तपकिरी चकतीवर पांढरी बुरशी आली होती. घरात कापसाची कमी नाही, नुकताच शेतातून वेचून आलेला होता. त्यातला एक बोंडभर घेतला, स्पिरिटमध्ये बुडवून पिळला, आणि मधलं चाक बोटाने फिरवत चकती पुसली, एकदा एका बाजूने, एकदा दुसऱ्या. अर्धा तास पंख्याखाली ठेवली. पुष्पांजली मधे चहा ठेवून गेली.

परत घातली. कर्र, कर्र, थांबलं, कर्र. आणि दोन फाईली दिसल्या.

दोन. मी एकच केली होती. माझ्या फाईलवर तीन एप्रिलची तारीख होती. दुसरीच्या नावापुढे ‘फायनल’ लिहिलेलं होतं आणि तारीख पाच एप्रिल. दोन्ही आधी हार्डडिस्कवर उतरवून घेतल्या. मग माझी उघडली.

यादीची तिसरी ओळ. ‘श्री. अर्जुनराव सुपडाजी, वडनेर भोलजी’. ठळक अक्षरात, कारण जावयाचं नाव मी ठळक करायचो.

‘पुष्पा!’ मी हाक मारली. ती पळत आली. मी बोट ठेवलं. तिने ओळ मोठ्याने वाचली, मग परत वाचली, आणि पदर डोळ्याला लावला. मला रडू आलं नाही, हसू आलं. मी खुर्चीत बसून हसत होतो. नाव होतं! मी वेडा नव्हतो, झोपेत नव्हतो, मी नाव खाल्लं नव्हतं.

‘आन् दुसरी?’ ती म्हणाली.

दुसरी उघडली. तीच पत्रिका, छापली गेली ती. तिसऱ्या ओळीवर चौथी चढलेली, नाव नाही. मी पान लहान करून बघितलं. पेजमेकरमध्ये पानाच्या भोवती मोकळी जागा असते, तिथे ठेवलेलं छापलं जात नाही. उजव्या हाताला, पानाच्या बाहेर, ती ओळ पडलेली होती. ‘श्री. अर्जुनराव सुपडाजी, वडनेर भोलजी’. एकटीच.

हे काम कोणाचं ते मला लगेच कळलं. प्रेसमध्ये सहदेव नावाचा ऑपरेटर होता, माझ्याइतकाच काटेकोर. त्याचे दोन नियम होते. पार्टीची, म्हणजे गिऱ्हाइकाची, मूळ फाईल बदलायची नाही, बदल करायचा तर नवी करायची. आणि पार्टीने काही काढायला सांगितलं तर पुसायचं नाही, पानाबाहेर ओढून ठेवायचं, कारण लोकांचं मन फिरतं आणि मग परत आत ओढता येतं. सहदेव स्वतःच्या मनाने कोणाचं नाव हलवणारा नव्हता. त्याला कोणीतरी शेजारी उभं राहून सांगितलं असणार. तेव्हा मी त्याला विचारायलाही गेलो नव्हतो, दादाने चूक माझी म्हटली आणि मी मानली. आणि त्या दिवशी प्रेसमध्ये फ्लॉपी घेऊन एकच माणूस गेला होता.

पुष्पांजलीने भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे रंगवाले डबे आपटत होते आणि दादा त्यांना काहीतरी सांगत होता.

‘पहिले दादाले विचारा,’ ती हळूच म्हणाली.

‘दादा कुठं जात नाही,’ मी म्हटलं. ‘पहिले वडनेर.’

मला दादाचा राग आला होता, खूप आला होता, इतका की त्याच्यासमोर गेलो असतो तर काय झालं असतं सांगता येत नाही. पण त्याहून मोठं म्हणजे मला ताईला सांगायचं होतं. ही बघ, मी टाकलं होतं. एवढंच. प्रिंटरची काळी शाई वाळून गेली होती, म्हणून निळ्यात छापलं. दोन्ही पानं, दुसरं पानाबाहेरच्या जागेसकट. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली, मोताळ्यावरून नांदुऱ्याला, तिथून हायवेने वडनेर. वाटेत मी ताईशी काय बोलायचं ते दहा वेळा म्हणून पाहिलं. ती रडेल, मग मी म्हणेन जाऊ दे, झालं गेलं. पुढच्या भाऊबीजेला ये. असं सगळं मी ठरवलं होतं.

ताई ओसरीवर एकटी होती. पुढ्यात पत्रिकांचा गठ्ठा, आणि ती एकेकीच्या कोपऱ्याला हळद-कुंकू लावत होती. मला पाहून तिचा हात थांबला.

‘ये,’ ती म्हणाली.

ती ‘ये’ म्हणेल हे मी धरलंच नव्हतं. मी चपला काढल्या, खाली बसलो, आणि ठरवलेलं सगळं विसरून नुसते कागद पुढे केले. तिने चष्मा लावला. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं, पानाबाहेरच्या ओळीवर बोट ठेवलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि तिला आश्चर्य वाटलं नाही.

‘हे कुठं सापडलं तुले?’ ती म्हणाली. ‘दादा तर म्हणे, जाळून टाकलं.’

मी तिच्या हातातले कागद काढून खाली ठेवले.

‘तुले माहीत होतं?’

ती कुंकवाची वाटी इकडची तिकडे ठेवत बसली. मग बोलायला लागली, आणि एकदा सुरू झाल्यावर न थांबता बोलली. दादाच्या पोरीचे सासरे गुलाबराव आणि दाजी खरेदी-विक्री संघाच्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे होते. गुलाबराव पडले. त्यांनी ऐन वेळी दादाला निरोप पाठवला की अर्जुनरावचं नाव असलेली पत्रिका आमच्या गावात वाटू नका, नाहीतर पुढचं आम्ही सांगू शकत नाही. दादा घाबरला. पोरीचं जमलेलं मोडेल म्हणून प्रेसमध्ये जाऊन नाव काढायला लावलं.

‘लग्नाच्या चवथ्या दिवशी आला होता दादा. हे शेतात गेले होते. माह्या पायावर पडला, समदं सांगतलं. म्हणे यायले कळलं तर तुह्यं माहेर तुटलं. खरंच तुटलं असतं गजू. हे कसे होते तुले माहीत हाय. यायनं मले दादाचं दार पाहू देलं नसतं.’

‘मंग?’

‘मंग काय. यायले कोणावर तरी राग काढाचाच होता. दादा म्हणे गजूच्या नावावर जाऊ दे. तो धाकला हाय. त्याचं काय जाते? वरीस-दोन वरीस होईन, मंग विसरतीन.’

माझं काय जातं. मी ओसरीवरची फरशी बघत होतो. तेव्हा इथे फरशी नव्हती, शेणाने सारवलेली जमीन होती.

‘मी इथं पाया पडाले आलो होतो,’ मी म्हटलं. ‘समद्यायच्या देखत. तवा तुले माहीत होतं?’

‘हाव,’ ती म्हणाली.

तिचे डोळे कोरडे होते. मी तिला दोष देत नाही असं म्हणणारा मोठ्या मनाचा माणूस कोणी असेल तर असो, मी नाही. दादाने मला फसवलं ते मी एका रात्रीत कसंबसं गिळलं होतं. पण मी ज्या माणसाकडे धावत आलो होतो तेच माणूस तिकडून सामील होतं, आणि ट्रे धरून उभं राहून बघत होतं.

‘दाजी जाऊन तीन वरसं झाले,’ मी म्हटलं. ‘आता तर कोणाचं भेव नव्हतं. मंग काऊन नाही आली?’

‘कोणत्या तोंडानं येऊ?’ ती म्हणाली. ‘आन् गोविंदा हाय ना. त्याच्या बापानं त्याले हेच सांगतलं जलमभर. आता त्याले खरं सांगतलं तर तो दादाले मांडवात उभं राहू देईन काय? मामा म्हणून दादाचं नाव छापलं, समद्या गावात पत्रिका गेल्या. गजू, दहा दिवस दम धर. एवढं लग्न होऊ दे. मंग मी सोता सांगीन त्याले. इतके वरसं गेले, दहा दिवसानं काय होते?’

तिने माझा हात धरला. तिच्या बोटांचं कुंकू माझ्या मनगटाला लागलं. आणि मी तुम्हाला खरं सांगतो, मी ‘बरं’ म्हणणारच होतो. बहिणीने इतक्या वर्षांनी हात धरला होता. शब्द ओठांवर आला होता, तेवढ्यात मोटरसायकल थांबली आणि गोविंदा आत आला. नांदुऱ्याला पत्रिका वाटून आला होता, उरलेल्या काखेत होत्या. मला पाहून तो पायरीवरच थांबला. बापासारखाच दिसतो, तसाच हनुवटी वर करून बघतो.

‘हे काऊन आले?’ त्याने आईला विचारलं. मला नाही.

ताईने माझा हात सोडला. कागद उचलून पत्रिकांच्या गठ्ठ्याखाली सरकवले. आणि इतक्या सहज, चहा ठेवते म्हणावं तसं, ती म्हणाली,

‘माफी मागाले आला रे. सोड आता तूही.’

माझी मान खाली गेली. मी घातली नाही, ती आपोआप गेली, सवयीने. त्या ओसरीवर खाली कसं जायचं ते माझ्याही आधी मानेला माहीत झालं होतं. गोविंदा पायरी चढून पुढे आला आणि माझ्यासमोर उभा राहिला, मी काय म्हणतो ते ऐकायला. त्याचे पाय मला दिसत होते.

मी गठ्ठ्याखालून कागद ओढले. वरच्या दहा-बारा पत्रिका घसरून खाली पडल्या. ताईने माझं मनगट पकडलं, मी सोडवून घेतलं. उठून उभा राहिलो आणि दोन्ही पानं गोविंदाच्या हातात दिली.

‘तिसऱ्या ओळीत तुह्या बापाचं नाव हाय,’ मी म्हटलं. ‘ते मी टाइप केलं. काढलं कोणं, आन् कवापासून कोणाले माहीत हाय, ते तुह्या मायले विचार.’

गोविंदाने पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. त्याला वाचायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात मी चपला घातल्या, अंगणात उतरलो, गाडीला किल्ली लावली. ओसरीवरून त्याचा आवाज आला, मोठा नव्हता.

‘आई? तुले माहीत होतं?’

त्याला तिने ‘हाव’ म्हटलं नाही. ती रडायला लागली, हुंदके देऊन, मला गाडीच्या आवाजातही ऐकू येत होतं. माझ्यासमोर ती रडली नव्हती.